ब्लॅक सॅबथ ऐकायचं तर आयोमीच्या बोटांमागून चला

ब्लॅक सॅबथ हा बर्मिंगहॅमचा चौघांचा हेवी मेटल बँड नव्याने ऐकणाऱ्याला बहुतेक जण आधी ‘पॅरानॉइड’ लावून देतात. तीन मिनिटांच्या आतलं गाणं, धावतं, पहिल्याच फेरीत डोक्यात बसणारं. डोंबिवलीतल्या माझ्या गिटारच्या क्लासमध्ये मी ते सुरुवातीला लावत नाही. गाणं उत्तमच आहे, पण अल्बममध्ये थोडी जागा उरली म्हणून ते घाईघाईत केलं होतं, आणि या चौघांनी जगाला जे दिलं त्यातलं फार थोडं त्यात ऐकू येतं. मी सुरुवात करते ती १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’पासून. तिथून एक पाऊल मागे जायचं आणि मग वर्षांच्या क्रमाने पुढे.

आधी एक अट. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचं नाही. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या सुरात साधारण ८२ हर्ट्झला वाजते. या अल्बमच्या बऱ्याच गाण्यांत ती ६९ हर्ट्झपर्यंत उतरवलेली आहे, आणि गीझर बटलरचा बेस त्याच्याही एक सप्तक खाली. एवढं खालचं मोबाइलला झेपत नाही. तो वरवरचा खरखराट तेवढा ऐकवतो आणि मग लोक म्हणतात, ‘हा नुसता गोंगाट आहे.’ साधे वायरवाले हेडफोन चालतील, जुना टेप-डेक आणि दोन स्पीकर असतील तर फारच छान.

आता ‘मास्टर ऑफ रिअॅलिटी’ लावा. बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या खोकल्याचा तुकडा फिरून फिरून येतो आणि ‘स्वीट लीफ’चा रिफ सुरू होतो. रिफ म्हणजे गिटारचा तो छोटा तुकडा, ज्यावर सगळं गाणं उभं असतं आणि जो मुखड्यासारखा परतून येत राहतो. पहिल्यांदा ऐकताना शब्द सोडून द्या, गायक ऑझी ऑस्बर्नचा आवाजही सोडून द्या. फक्त गिटारच्या तारा दाबणारा डावा हात काय करतोय ते कानाने बघा. आयोमीच्या बाबतीत मात्र तो उजवा हात आहे, कारण तो डावखुरा. सगळी गोष्ट त्या हाताचीच आहे.

बर्मिंगहॅमच्या अॅस्टन भागातला हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तारा दाबायची तीच बोटं. कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाची तबकडी ऐकवली. जँगो आगीत भाजलेल्या हाताने, दोन बोटांवर सोलो वाजवायचा. मग आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणं घडवली आणि त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले. चामड्याला तारेचा स्पर्श कळत नाही, म्हणून त्याने बारीक तारा शोधल्या. सुरुवातीला गिटारच्या तशा तारा बाजारात नव्हत्या, तेव्हा बँजोच्या तारा लावल्या. पुढे तारा सैल केल्या, म्हणजे दाबायला आणि ओढायला सोप्या.

तार सैल केली की सूर खाली येतो. बोटांना आराम पडावा म्हणून केलेल्या गोष्टीतून हा जड आवाज घडला, आणि आज जगभर हजारो बँड आपल्या धडधाकट बोटांनी तसंच वाजवतात.

घरी गिटार असेल तर हे स्वतः करून बघा. सहाही तारा तीन-तीन अर्धस्वर उतरवा: ई ची सी शार्प, ए ची एफ शार्प, डी ची बी, जी ची ई, बी ची जी शार्प, आणि बारीक ई ची पुन्हा सी शार्प. ट्यूनरचं अॅप यासाठी पुरेसं आहे. एकदम खाली नेऊ नका. प्रत्येक तार थोडी थोडी उतरवत दोन फेऱ्या करा, नाहीतर सहावी लावेपर्यंत पहिली हललेली असते. आता जाड तार मोकळी छेडा. ती जरा लोळते, फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर, खरखरते. ती खरखर घालवायच्या मागे लागू नका, याच अल्बममधल्या ‘इंटू द व्हॉइड’मध्ये तीच आहे. त्या तारेवर एक बोट आणि शेजारच्या तारेवर दोन घरं पुढे दुसरं बोट ठेवलं की षड्ज-पंचमाची जोडी तयार होते. तेवढीच जोडी वरखाली सरकवत ‘चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह’चा बराचसा भाग निघतो. माझ्याकडची मुलं पहिल्या महिन्यात हे वाजवतात आणि त्यांचे चेहरे फुलतात.

मग मागे, पहिल्या अल्बमकडे. १३ फेब्रुवारी १९७०, शुक्रवार. त्याआधीच्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत एका दिवसात केलेलं ध्वनिमुद्रण. आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप (तारेचा आवाज पकडणारा भाग) ऐनवेळी बिघडला म्हणून त्याने जवळची गिब्सन एसजी घेतली, आणि जन्मभर त्याच जातीची गिटार त्याच्या हातात राहिली.

पहिलं गाणं बँडच्याच नावाचं. पाऊस, गडगडाट, दूरवर घंटा, आणि मग तीन स्वर. इथे हार्मोनियम काढा. षड्ज वाजवा, मग तार षड्ज, मग खाली येऊन तीव्र मध्यम. तो मध्यम धरून ठेवा. पंचमाकडे जायचं नाही. मी लहानपणी बाईंकडे पेटी शिकले, त्यामुळे यमनातला तीव्र मध्यम माझ्या बोटांत आहे. पण यमनात तो गंधार-पंचमाच्या सोबतीत असतो, कुठेतरी निघालेला असतो. इथे त्याला सोबत नाही आणि वाटही नाही. तो तिथेच थरथरत राहतो आणि आपण पंचमाची वाट बघत बसतो. अंगावर काटा येतो तो या अडकलेपणामुळे. गीझरला गुस्ताव होल्स्ट या इंग्लिश संगीतकाराची ‘मार्स’ ही रचना फार आवडायची, आणि तिच्यातही हेच अंतर पुन्हा पुन्हा येतं. साडेचार मिनिटांच्या सुमारास चाल अचानक धावायला लागेल. तोपर्यंत गाणं पुढे ढकलू नका. त्या संथपणाशिवाय धावण्याला अर्थ नाही.

आता ड्रमर बिल वॉर्ड. त्याच्याकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि मला त्याचं वाईट वाटतं. बिल लहानपणापासून जीन क्रुपासारख्या अमेरिकन जॅझ ड्रमरांवर वाढला. ‘पॅरानॉइड’ या दुसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं, ‘फेअरीज वेअर बूट्स’, लावा आणि मांडीवर ठेका धरा. मात्रेचे दोन सारखे तुकडे पडत नाहीत. पहिला लांब, दुसरा आखूड, त्यामुळे ठेका झुलतो. मग त्याच अल्बमचं पहिलं गाणं, ‘वॉर पिग्ज’. सुरुवातीचा संथ भाग सहाच्या चालीत मोजा, दादरा मोजतो तसा. नंतर गिटार दोन ठोके देऊन गप्प बसते, मधल्या रिकाम्या जागेत फक्त हाय-हॅट (ड्रमच्या झांजांची जोडी) चालू असते आणि ऑझी त्या मोकळ्या जागेत गातो. एवढी मोठी पोकळी ठेवायला हिंमत लागते. हे चौघे नुसते जोरात वाजवत नव्हते, एकमेकांना जागा देत होते.

त्याच अल्बममधलं ‘आयर्न मॅन’ एका वेगळ्या कारणासाठी ऐका. गिटारचा रिफ गुणगुणा, मग ऑझीची चाल गुणगुणा. दोन्ही एकच आहेत. ऑझी रिफच्या मागोमाग चालतो, स्वराला स्वर लावून. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९७२ ते १९७५ चे तीन अल्बम सावकाश ऐकावेत, एकेका आठवड्यात एक. ‘व्हॉल्यूम ४’ त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये केला. त्यात ‘सुपरनॉट’सारखा दणका आहे आणि ‘चेंजेस’सारखं गाणंही आहे, ज्यात ना गिटार ना ड्रम, आयोमी पियानोवर आणि गीझर मेलोट्रॉन या टेपवर चालणाऱ्या कीबोर्डवर. पुढच्या वर्षी ते पुन्हा लॉस एंजेलिसला गेले, पण आयोमीला काही सुचेना. परत येऊन इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या क्लिअरवेल कॅसल या किल्ल्याच्या तळघरात सराव सुरू केला आणि तिथे ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’चा रिफ सुचला. हे गाणं पूर्ण ऐका. मध्येच ते मऊ होतं, अकूस्टिक गिटार येते, आणि साडेतीन मिनिटांच्या आसपास जो नवा, जड रिफ पडतो त्याच्याइतकं वजनदार त्या काळात दुसरं काही मी ऐकलेलं नाही. याच अल्बममध्ये ‘सॅब्रा कॅडाब्रा’त येस बँडचा रिक वेकमन कीबोर्डवर आहे.

‘सॅबोटाज’ झाला तेव्हा जुन्या मॅनेजरशी कोर्टकज्जे चालू होते, आणि शेवटच्या ‘द रिट’ या गाण्यात तो संताप सरळ ऐकू येतो. पण मुख्य गाणं ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’. तळहाताची कड तारांवर दाबून आयोमी जो तुटक, वेगवान रिफ वाजवतो, त्यात पुढच्या दशकातल्या थ्रॅश मेटल या वेगवान प्रकाराची चाहूल आहे. आणि गाण्याचा शेवट? मोकळा, अकूस्टिक, जवळजवळ आनंदी. तो भाग माझ्या फार जवळचा आहे.

१९७६ चा ‘टेक्निकल एक्स्टसी’ आणि १९७८ चा ‘नेव्हर से डाय!’ एकदा ऐकून बाजूला ठेवले तरी चालतील. माणसं दमलेली आहेत, ते कळतं. १९७९ मध्ये ऑझीला काढलं.

पुढचा ‘हेवन अँड हेल’, १९८०. रेनबो बँडमधून आलेला रॉनी जेम्स डिओ गायक, निर्माता मार्टिन बर्च. आता मघाची ‘आयर्न मॅन’ची कसरत इथे करा. शीर्षकगीताचा रिफ गुणगुणा, मग डिओची चाल. दोन वेगळ्या ओळी हाती येतील. डिओ रिफवर स्वार होत नाही, त्याच्या आडवं गातो. कडव्यात तर गिटार बाजूला होते, गीझरचा बेस एकटा चालत राहतो आणि वर डिओ आपली चाल पसरतो. गायक बदलल्यामुळे आयोमीला रिफ लिहिण्याची पद्धत बदलावी लागली, जास्त स्वर-मेळ, जास्त वळणं. ऑझी मोठा की डिओ, हा वाद माझ्या क्लासमध्ये दर वर्षी होतो. मला दोघेही हवेत, पण आयोमीला संगीतकार म्हणून ओळखायचं असेल तर हा अल्बम टाळता येत नाही. पुढच्या ‘मॉब रूल्स’वर विनी अॅपिसी ड्रमवर आहे, कारण १९८० च्या दौऱ्यातच बिल बाहेर पडला होता. ठेका तेव्हापासून सरळ झाला, मांडीवर धरून बघा.

मग गायक येत-जात राहिले. १९८३ मध्ये डीप पर्पलचा इयन गिलन, १९८६ मध्ये ग्लेन ह्यूज. टोनी मार्टिनने पाच अल्बम गायले आणि त्याला अजूनही हवा तेवढा मान मिळालेला नाही. १९८९ चा ‘हेडलेस क्रॉस’ ऐका. ड्रमवर कोझी पॉवेल, आणि ‘व्हेन डेथ कॉल्स’मध्ये क्वीनच्या ब्रायन मेचा सोलो. हे अल्बम बरीच वर्षं सहज मिळत नव्हते. २०२४ मध्ये त्यांतले चार एका संचात पुन्हा निघाले, तेव्हा आता सबब उरलेली नाही. १९९२ चा ‘डीह्युमनायझर’ही चुकवू नका, डिओ परत आलेला आहे आणि चांगलाच रागावलेला आहे.

२०१३ चा ‘१३’ सगळ्यात शेवटी. ऑझी, आयोमी, गीझर एकत्र. आयोमीचे लिम्फोमा या कर्करोगावर उपचार चालू होते. निर्माता रिक रुबिनने त्यांना स्वतःचाच पहिला अल्बम पुन्हा ऐकायला लावला. रिफ भरघोस आहेत, ब्रिटनमध्ये अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, १९७० नंतर प्रथमच. पण कराराच्या वादातून बिल त्यात नाही. ड्रमवर रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क आहे. तो चोख वाजवतो, आणि ‘फेअरीज वेअर बूट्स’ ऐकलेल्या कानाला तो झुलणारा ठेका कुठे गेला हे लगेच कळतं. ५ जुलै २०२५ ला अॅस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे पुन्हा एकत्र वाजवायला उभे राहिले, ऑझी आसनावर बसून गायला. २२ जुलैला तो गेला. त्या कार्यक्रमातलं ‘वॉर पिग्ज’ मिळालं तर १९७० च्या शेजारी लावून फक्त ड्रम ऐका.

एवढा वेळ नसेल तर एका बैठकीत पाच गाणी, याच क्रमाने: ‘ब्लॅक सॅबथ’, ‘वॉर पिग्ज’, ‘इंटू द व्हॉइड’, ‘सिम्प्टम ऑफ द युनिव्हर्स’, ‘हेवन अँड हेल’. साधारण पस्तीस मिनिटं लागतील. शिकणाऱ्यांनी त्यातलं ‘इंटू द व्हॉइड’ आधी बसवावं, निम्म्या लयीत, मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) लावून, आणि पेडलचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचा खरखरीतपणा, निम्म्यावर ठेवून. पेडल पूर्ण उघडलं की तारेचा आवाज बुजतो आणि बोटं नेमकी कुठे चुकतायत ते ऐकूच येत नाही.