सोलापुरात पाळणाघराची फी परवडत नसेल तर कुठं जायचं, काय मागायचं

आमच्या युनिटात शाळेच्या युनिफॉर्मचं काम चालतं, मी तिथं हिशेब बघते. सीझन लागला की मशीनवरच्या दोघी-तिघी तरी विचारतातच, ताई, पाळणाघराच्या फीचे पैसे सरकार देतंय म्हणे, फॉर्म कुठं मिळतो? तर आधी तेच सांगते, फी भरली, पावती दाखवली आणि पैसे खात्यात आले असली सगळ्यांसाठीची योजना आपल्याकडं नाही. सरकारचा पैसा जातो तो पाळणाघर चालवायला, आईच्या खात्यात नाही. म्हणून फीचा फॉर्म शोधत झेरॉक्सच्या दुकानात फिरू नका, लेकरासाठी जागा मागा.

पहिली जागा अंगणवाडी. फुकट असते, आणि तरी आपल्यातले बरेच जण तिला नुसती खिचडीची जागा समजतात. 6 महिने ते 3 वर्षांच्या लेकराला घरी न्यायला आहार मिळतो, 3 ते 6 ची लेकरं तिथं बसतात, खातात, शिकतात, वजन-उंची होते, लसीकरणाचं बघितलं जातं. अडचण एकच, वेळ. दुपारी अंगणवाडी सुटते आणि आपली सुट्टी संध्याकाळी, मधल्या वेळात लेकरू कुणाकडं?

त्यासाठी आहे पाळणा योजना. आधी हीच राष्ट्रीय पाळणाघर योजना होती, 2022 पासून केंद्राच्या बायकांसाठीच्या मिशन शक्ती कार्यक्रमात घालून नाव बदललं. 6 महिने ते 6 वर्षांची लेकरं, आणि काही ठिकाणी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलेलं असतं, त्याला अंगणवाडी-सह-पाळणाघर म्हणतात. खर्चात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. आई नोकरी करते की नाही हेही आता बघत नाहीत, सगळ्या आयांसाठी खुलं आहे. फीचा अंदाज हवा तर 2017 च्या नियमात दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला 20 रुपये, महिना 12 हजारापर्यंत उत्पन्न असेल तर 100 आणि त्यावर 200 असं होतं. तुमच्या केंद्रावर आता किती घेतात ते विचारा आणि पैसे दिले की पावती घ्या, पावतीशिवाय एक रुपया देऊ नका.

शोधायचं कसं? आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीताईला विचारा, तिला नसेल माहीत तर मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांवर देखरेख करणारी बाई, कोण ते विचारा, आणि तिथंही नाही जमलं तर बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचं ऑफिस. शहरातल्यांचं ऑफिस वेगळं, ते नागरी प्रकल्पाचं. कुंभारीला विडी घरकुलात किंवा रे नगरात राहत असाल तर पत्ता ग्रामीण लागतो, मग तुमचा प्रकल्पही ग्रामीण. हे आधी विचारून घ्या नाहीतर कुंभारीहून सिटी बसनं येऊन अर्धा दिवस घालवायचा आणि 'तुमचं आमच्याकडं नाही' ऐकून परत जायचं. जवळपास पाळणाघरच नसेल तरी अर्ज द्या, एकटीनं नको, दहा-पंधरा आयांच्या सह्या घेऊन, लेकरांची नावं आणि वयं लिहून द्या. दोन प्रती करा, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरून चाला.

कागद तसे कमी लागतात. लेकराचा जन्मदाखला, आधार, रेशनकार्ड, लसीकरणाचं कार्ड, उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, सेतूतून किंवा महा-ई-सेवा केंद्रातून काढता येतो. शाळाप्रवेशाच्या दिवसात तिथं मरणाची गर्दी, त्यामुळं आधीच काढून ठेवा. जन्मदाखल्याचं आमचंच सांगते. माझ्या जावेच्या पोरीचा दाखला उघडून बघितला तर नावाच्या जागी नुसती रेघ. बारसं झालं, जेवणावळी झाल्या, नाव नोंदवायचं राहिलं ते राहिलंच. दवाखान्यातून जन्माची नोंद होते तेव्हा बाळाला नाव नसतं ना. एक वर्षाच्या आत नाव घालायला फी नाही, पुढं लेट फी लागते, 15 वर्षांपर्यंत घालता येतं. आम्हाला त्या एका रेघेपायी तीन चकरा झाल्या, आणि दर चकरेला जावेची हजारभर विड्यांची मजुरी बुडाली, कारण पान भिजवून ठेवलेलं, ते काय थांबत नाही.

आता नोकरीवाल्यांचं. जिथं 50 किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं मालकानं पाळणाघराची सोय करायचीच, आणि आईला दिवसातून चार वेळा लेकराकडं जाऊ द्यायचं. हा कायदा आहे, मालकाचे उपकार नाहीत. 50 मध्ये बाप्येही धरतात, नुसत्या बायका मोजायच्या नाहीत, इथंच बरेच मालक गल्लत करतात (की मुद्दाम करतात, देव जाणे). सोय म्हणजे स्वतःची खोलीच हवी असं नाही, दोन-चार कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवलं तरी चालतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत शेजारी-शेजारी एवढे टॉवेलचे कारखाने आहेत, तिथं हे सहज जमण्यासारखं आहे. मालक ऐकत नसेल तर सहायक कामगार आयुक्तांकडं लेखी तक्रार. घरी विड्या वळणाऱ्यांना मात्र यातलं काही लागू पडत नाही, घर म्हणजे कारखाना नाही ना. विडीवालीला आधार अंगणवाडीचा नाहीतर पाळणाघराचा, म्हणून तो सह्यांचा अर्ज तिनंच पुढं होऊन करावा असं माझं मत.

एकटी आई असेल, नवरा वारलाय, घटस्फोट झालाय, किंवा घरात मोठं आजारपण आहे, तर बालसंगोपन योजना बघा. एका लेकरामागं महिन्याला 2250 रुपये, आणि हे पैसे खरंच खात्यात येतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या ऑफिसात, मंजुरी बाल कल्याण समितीकडून, मध्ये घरी चौकशीला माणूस येतो. वेळ लागतो, धीर धरा. पाळणाघराची फी त्यातून आरामात निघते.

बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड असलेल्यांनी नीट ऐका. शिष्यवृत्ती पहिलीपासून आहे, पहिली ते सातवी वर्षाला 2500. बालवाडीला नाही. एजंट बालवाडीसाठी फॉर्म भरून देतो म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

आणि खासगी पाळणाघरातच टाकायचं असेल तर फी विचारायच्या आधी खोली बघा. किती लेकरं, किती बायका सांभाळायला, ते मोजा. तीनच्या आतली दहा लेकरं असतील तर एक बाई पाहिजे, त्याच्या वर गेलं की लेकराकडं कुणाचं लक्ष राहत नाही. 3 ते 6 च्या बालवर्गांची नोंदणी 2025 पासून शिक्षण विभागाच्या पोर्टलवर सुरू झालीय, नोंदणी दाखवा म्हणायचं. पावतीवर ट्यूशन फी आणि सांभाळण्याची फी वेगवेगळी लिहून घ्या. जुन्या पद्धतीनं इन्कम टॅक्स भरणाऱ्याला प्लेस्कूल-नर्सरीची ट्यूशन फी दीड लाखाच्या वजावटीत धरता येते, दोन लेकरांपर्यंत. नुसती सांभाळण्याची फी त्यात धरत नाहीत. आमच्या ऑफिसातल्या एकानं सगळी रक्कम एकाच ओळीत लिहून आणली होती, मी ती परत पाठवली, सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गडबडीत बिचाऱ्याला दुसरी पावती आणायला जावं लागलं.