'रूट नको, फक्त नेटवर्कची परवानगी द्या' असं कोणी म्हणालं तर

सांगलीत, विशेषतः कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीत किंवा एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये सिस्टिम ॲडमिन म्हणून लागलात की एक मागणी हमखास येते: "सर, रूट नको, फक्त आयपी बदलायची परवानगी द्या." रूट म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला युजर. मागणारा प्रामाणिक असतो, त्याचं काम खरंच अडलेलं असतं. पण ही मागणी किरकोळ नाही, हे नव्यानं या कामात येणाऱ्यांना मला कळकळीनं सांगायचंय.

समजा, लिनक्सच्या सुडोअर्स फाइलमध्ये (कोणत्या युजरनं 'सुडो' लावून कोणती कमांड रूट म्हणून चालवायची, याची यादी) तुम्ही नुसत्या 'आयपी' कमांडला मुभा दिलीत. याच कमांडमध्ये 'नेटएनएस' आहे. त्यानं नवा नेटवर्क नेमस्पेस (नेटवर्कचा वेगळा कप्पा) बनवता येतो आणि 'एक्झेक' लावून त्यात हवा तो प्रोग्राम चालवता येतो. तिथं शेल चालवला की समोर थेट रूटचा प्रॉम्प्ट! नेटवर्क तेवढं वेगळं. फाइली त्याच, पासवर्डची शॅडो फाइलही तीच. घरी व्हर्च्युअल मशीनवर हे एकदा करून बघाच, वाचून पटत नाही.

मग सुडोऐवजी 'कॅप-नेट-ॲडमिन' (फक्त नेटवर्कपुरते रूटचे अधिकार) द्यावी का? थोडी बरी, पण फायरवॉल आणि राउटिंग दोन्ही त्या माणसाच्या हातात जातात. शिवाय कर्नलमधला नेटवर्कचा कोड अफाट आहे आणि त्यात दोष सापडत राहतात. नेटफिल्टरमधला (कर्नलच्या फायरवॉलच्या भागातला) सीव्हीई-२०२४-१०८६ या नोंद क्रमांकाचा दोष असाच: युजर नेमस्पेस (साध्या युजरला स्वतःच्या कप्प्यापुरतं रूट होऊ देणारी सोय) खुले असतील तर साधा युजर त्यातून रूटपर्यंत पोहोचायचा. उबुंटू २४.०४ मध्ये अशा नेमस्पेसवर ॲपआर्मरचे (प्रोग्रामना काय करता येईल ते बांधून ठेवणाऱ्या सुरक्षा यंत्रणेचे) निर्बंध सुरुवातीपासूनच लावलेले आहेत; कुठलं तरी ॲप चालत नाही म्हणून ते सरसकट काढून टाकू नका.

माझी पद्धत अशी: परवानगीचं नंतर बघू, आधी काम काय ते विचारायचं. व्हर्च्युअल मशीनला नेटवर्क हवंय? टॅप इंटरफेस (सॉफ्टवेअरमधलं आभासी नेटवर्क कार्ड) आपणच त्या युजरच्या नावे बनवून द्यायचा. पॅकेट बघायचेत? डेबियन-उबुंटूवर त्यासाठी 'वायरशार्क' ग्रुप आहे. मात्र त्यात घेतलेल्याला त्या मशीनवरची सगळी वाहतूक दिसते, म्हणून माणूस पारखून घ्या. कार्ड चालू-बंद करायचंय? सुडोअर्समध्ये कमांड पूर्ण पाथसकट, इंटरफेसच्या नावासकट, शेवटच्या शब्दापर्यंत लिहा. तिथं फुली (*) टाकायचा मोह टाळा, कारण आर्ग्युमेंटमधली फुली स्पेसलाही जुळते आणि मागून काहीही जोडता येतं.

नव्या ठिकाणी रुजू झालात की प्रत्येक युजरसाठी 'सुडो -एल -यू' (sudo -l -U आणि पुढे युजरचं नाव; U कॅपिटल) चालवून यादी काढा. जुन्या ॲडमिननं घाईत दिलेल्या परवानग्या तिथंच सापडतात.