तीन मते, चार समाज आणि एक जुनी जनगणना : मॉरिशसचे राजकारण अभ्यासताना

एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या लघुशोधप्रबंधाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला : मॉरिशसमधल्या मतदाराला किती मते असतात? मी जराही न थांबता ‘एक’ असे सांगितले. प्रबंधात ‘बहुवांशिक समाजातील यशस्वी लोकशाही’ हे शब्द मी पानोपानी वापरले होते. पण ती लोकशाही ज्या मतपत्रिकेवर चालते, ती मतपत्रिका मी एकदाही डोळ्यांसमोर आणली नव्हती. बरोबर उत्तर ‘तीन’ असे होते. परीक्षकांनी प्रबंध मिटला, ‘बरं’ म्हणाले आणि पुढच्या विद्यार्थ्याचे नाव पुकारले.

आज मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. वसाहतवादातून मुक्त झालेला एखादा बहुवांशिक देश प्रबंधासाठी घ्यावा, असे ठरवून दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी येतात, आणि मी केलेली चूक त्यांच्या पहिल्या कच्च्या मसुद्यात मला जशीच्या तशी भेटते. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

देश निवडताना फिजी, गयाना, त्रिनिदाद, सुरिनाम, मलेशिया अशी नावे समोर येतात. यांपैकी कोणताही घेता येईल, मात्र एका वेळी एकच घ्यावा. मी मॉरिशस घेतला तो तिथे मराठी माणसे आहेत म्हणून, आणि हे कारण तसे कच्चेच होते. पक्के कारण मला नंतर कळले. हा देश आकाराने आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाएवढाही नाही. स्वातंत्र्यापासून तिथे सत्तांतरे मतपेटीतूनच झाली आहेत. आणि त्याची राज्यघटना इंग्रजीत असून ती मोबाइलवर फुकट वाचता येते. ज्याच्या गावात ग्रंथालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या खोलीतले एक कुलूपबंद कपाट असते, त्याच्या दृष्टीने ही शेवटची बाब सर्वांत मोठी आहे.

इतिहास वाचायलाच हवा, पण पुढच्या नियमांचा उलगडा होण्यापुरता. या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच, ही गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवावी. १६३८ मध्ये डचांनी वसाहत केली आणि १७१० मध्ये ती सोडून दिली. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले आणि आफ्रिका व मादागास्कर येथून गुलाम आणून उसाची शेती उभी केली. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, मात्र फ्रेंच कायदा, भाषा आणि मळेवाल्यांची मालमत्ता यांना हात लावला नाही. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली होती, आणि पुढच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास माणसे राजधानी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या, म्हणजे मजूर उतरवून घेण्याच्या धक्क्याच्या, पायऱ्या चढली. त्यांत भोजपुरी, तमिळ, तेलुगू बोलणारे होते, तसेच मुंबई बंदरातून गेलेले मराठीही होते. सगळेच बाहेरून आलेले असल्यामुळे ‘आम्ही या मातीतले, तुम्ही उपरे’ असा दावा मॉरिशसच्या राजकारणात कोणाला नीट मांडता आला नाही. फिजीत तो मांडता आला. तिथे १९८७ च्या एप्रिलमध्ये भारतीय वंशीयांच्या मोठ्या पाठिंब्यावर निवडून आलेले सरकार मे महिन्यात लष्कराने उलथवले. दोन्ही देशांत ऊस होता, मजूर होते आणि राज्यही इंग्रजांचेच होते. फरक पडला तो या एका मुद्द्यावर. तुलना करायचीच असेल तर ती इथे करावी.

मताधिकाराचा टप्पा मात्र घाईने ओलांडू नये. १८८६ पासून काही जागा निवडणुकीने भरल्या जात होत्या, पण मत मालमत्तेवर मिळत असल्याने मतदार मूठभरच होते. १९३६ मध्ये मजूर पक्ष स्थापन झाला, १९३७ मध्ये उसाच्या मळ्यांत संप झाले, गोळीबार झाला. १९४३ मध्ये बेल व्ह्यू हारेल येथे पोलिसांच्या गोळ्यांनी चार जणांचा बळी घेतला आणि त्यांत अंजलाय कुपेन ही गर्भवती मजूर स्त्री होती. त्यानंतर आलेल्या नव्या घटनेने बेटावर बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत साधे वाक्य लिहिता-वाचता येणाऱ्याला मत दिले, आणि १९४८ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या सुमारे १२ हजारांवरून ७० हजारांच्या पुढे गेली. समाजसुधारक बासुदेव बिसुनदयाल यांच्या चळवळीतले स्वयंसेवक त्याआधी खेडोपाडी, संध्याकाळच्या बैठकांतून, मजुरांना अक्षरे गिरवायला शिकवत होते. आमच्या आजीने प्रौढ शिक्षण वर्गात पाटीवर स्वतःचे नाव गिरवले आणि पुढे रेशनच्या दुकानात अंगठ्याऐवजी सही केली, तेव्हा तिने ती सही घरातल्या प्रत्येकाला दाखवली होती. ज्याने असे काही पाहिले आहे, त्याला १९४८ चा आकडा कोरडा वाटणार नाही.

यानंतर मात्र सरळ घटनेच्या पहिल्या परिशिष्टाकडे जावे. १९५९ च्या निवडणुकीत सर्व प्रौढांना मताधिकार मिळाला आणि ४० एकसदस्यीय मतदारसंघ केले गेले. बहुसंख्य हिंदूंच्या राज्यात आपले काय होणार, ही भीती क्रिओल (मुख्यतः आफ्रिकी गुलामांचे वंशज), फ्रेंच वंशीय, मुसलमान आणि चिनी समाजांत होती. स्वातंत्र्याची बोलणी झालेल्या १९६५ च्या लंडन परिषदेनंतर निवडणूक पद्धत सुचवण्यासाठी आलेल्या बॅनवेल आयोगाने १९६६ मध्ये २० मतदारसंघ, प्रत्येकी तीन सदस्य, आणि मॉरिशसच्याच रॉड्रिग्ज या दुसऱ्या, लहान बेटासाठी दोन सदस्य अशी रचना सुचवली. मतदाराने तिन्ही मते तीन वेगवेगळ्या उमेदवारांना दिलीच पाहिजेत. दोनच दिली तर त्याचे एकही मत मोजले जात नाही.

परीक्षेनंतर मी हे परिशिष्ट झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले आणि घरी ओसरीत वाचत बसले होते. दिवस कापूस वेचणीचे होते. शेतातून आलेले काकाजी गठ्ठ्याला टेकून बसले आणि मी काय वाचते ते विचारू लागले. मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “काहून वं, तिकडं बी प्यानल राह्यते काय?”

हा प्रश्न मला एकाही पुस्तकाने विचारला नव्हता. आपल्या ग्रामपंचायतीच्या प्रभागात दोन किंवा तीन जागा असतात आणि मतदार तितकीच मते देतो. पॅनलप्रमुख कोणत्या समाजाची किती घरे आहेत हे बोटांवर मोजतो, मग प्रत्येक समाजाचा एक माणूस आपल्या पॅनलमध्ये बसवतो, म्हणजे एकाच्या नावाने आलेला मतदार उरलेल्या दोघांनाही मत देऊन जातो. मॉरिशसमधले पक्ष आणि त्यांच्या आघाड्या नेमके हेच करतात. फरक एवढाच, की आपल्याकडे प्रत्येक जागेची निवडणूक वेगळी असते आणि आरक्षण आधीच ठरलेले असते; तिथे सगळे उमेदवार एकाच यादीत असतात आणि सर्वाधिक मते मिळवणारे पहिले तिघे निवडून येतात. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याला शहरातल्या विद्यार्थ्यापेक्षा हा विषय अवघड जातो, हे मला त्या संध्याकाळनंतर पटेनासे झाले.

पॅनल कितीही समतोल केले तरी एखादा समाज मागे राहतोच. त्यासाठी ६२ निर्वाचित जागांशिवाय आठ जागा हरलेल्या उमेदवारांतून भरण्याची सोय केली गेली. तिला तिथे ‘बेस्ट लूझर’ पद्धत म्हणतात. मराठीत ‘सर्वोत्तम पराभूत’ म्हणता येईल, पण प्रबंधात मूळ शब्दच वापरावा. घटना चार समाज मानते : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि आपल्या जीवनपद्धतीवरून या तिन्हींपैकी कशातही न बसणारे सर्व लोक, म्हणजे ‘जनरल पॉप्युलेशन’. या चौथ्या खान्यात क्रिओल मजूर आणि फ्रेंच वंशाचा मळेमालक शेजारी शेजारी बसतात, आणि मराठी माणूस हिंदूंच्या खान्यात जातो. विद्यार्थी ‘जनरल पॉप्युलेशन’चे भाषांतर हटकून ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ असे करतात आणि मग त्यावरून भलतेच निष्कर्ष काढतात.

आता वही घ्यावी. समजा, दर १,००० लोकांमागे हिंदू ५१५, जनरल पॉप्युलेशन २९०, मुस्लिम १६५ आणि चिनी ३० आहेत. आणि ६२ जागांपैकी त्यांना अनुक्रमे ३६, १७, ९ आणि शून्य जागा मिळाल्या. (हे आकडे केवळ सरावासाठी आहेत.) नियम असा, की प्रत्येक समाजाच्या लोकसंख्येला त्याच्या जागा अधिक एक या संख्येने भागायचे आणि ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्या समाजाच्या हरलेल्या उमेदवाराला पुढची जागा द्यायची. ५१५ भागिले ३७ म्हणजे सुमारे १३.९, २९० भागिले १८ म्हणजे १६.१, १६५ भागिले १० म्हणजे १६.५, ३० भागिले १ म्हणजे ३०. पहिली जागा चिनी उमेदवाराला गेली आणि त्या समाजाचा भागाकार १५ वर आला. दुसरी जागा मुस्लिम उमेदवाराला, मग त्यांचाही भागाकार १५. तिसरी जनरल पॉप्युलेशनला, आणि त्यांचा भागाकार १५.३ उरत असल्यामुळे चौथीही त्यांनाच. पहिल्या चार जागा पक्ष न पाहता अशा दिल्या जातात. उरलेल्या चार जागांत समाजाबरोबर पक्षही पाहतात, म्हणजे पहिल्या चारांमुळे सभागृहातले पक्षीय बळ बिघडले असेल तर ते पूर्ववत होते. ऑगस्ट १९६७ च्या निवडणुकीत स्वातंत्र्यवादी आघाडीला ३९ आणि विरोधकांना २३ जागा मिळाल्या होत्या. आठ जागा भरल्यावर ते बळ ४३ आणि २७ झाले. हा हिशेब मी कृषी सेवा केंद्राच्या बिलाच्या पाठीमागे केला होता आणि ते बिल अजून माझ्या फाइलमध्ये आहे.

१९६७ चा निकाल आणखी एका कारणासाठी नीट पाहावा. चाळीस टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला गेली होती. जानेवारी १९६८ मध्ये पोर्ट लुईत क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगली झाल्या आणि ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले. १२ मार्च १९६८ चे स्वातंत्र्य हे अशा वातावरणात आले. ‘छोटा भारत’, ‘सलोख्याचे बेट’ असली विशेषणे लिहिण्याआधी हे दोन महिने आठवावेत. १९९९ मध्ये काया हा क्रिओल गायक पोलीस कोठडीत मरण पावल्यावर उसळलेली दंगलही आठवावी.

पुढचे राजकारण आघाड्यांचे आहे आणि ते पाठ करू नये, तक्ता करावा. पहिले पंतप्रधान, मजूर पक्षाचे सर शिवसागर रामगुलाम यांनी १९६९ मध्ये स्वातंत्र्यविरोधी पक्षालाच सरकारात घेतले, १९७१ मध्ये आणीबाणी लावली आणि निवडणूक १९७६ पर्यंत लांबवली. यशस्वी लोकशाहीच्या गोष्टीतले हे पान बरेच जण गाळतात. पॉल बेरांजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये काढलेल्या एमएमएम (मूव्हमाँ मिलिताँ मोरिसियाँ) या डाव्या पक्षाने समाजाऐवजी वर्गाची भाषा आणली, १९७६ मध्ये ७० पैकी ३४ जागा जिंकल्या, तरीही मजूर पक्षाची आघाडी आणि पूर्वीचा स्वातंत्र्यविरोधी पक्ष यांनी एकत्र येऊन त्याला बाहेर ठेवले. १९८२ मध्ये त्याच्या आघाडीने मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा घेतल्या, तेव्हा मते सुमारे ६४ टक्के होती. ६४ टक्क्यांत सगळ्या जागा कशा येतात, हे ज्याने पॅनलची लाट पाहिली आहे त्याला समजावून सांगावे लागत नाही. १९९५ आणि २०२४ मध्येही असेच ६०-० झाले. बेरांजे स्वतः पंतप्रधान झाले ते २००३ मध्ये, तेही आघाडीतल्या आधी ठरलेल्या वाटणीनुसार. आजवरचे ते एकमेव बिगरहिंदू पंतप्रधान आहेत.

चलनी नोटांचा प्रसंग मी वर्गात नेहमी सांगते. १९९८ मध्ये आलेल्या नव्या नोटांवर तमिळ अक्षरांच्या वर हिंदी अक्षरे छापली गेली, तमिळांनी तीव्र आक्षेप घेतला आणि त्या नोटा मागे घेऊन जुन्या क्रमाने पुन्हा छापाव्या लागल्या. घटनेच्या दृष्टीने हे दोघे एकाच खान्यातले, तरी एका ओळीच्या वर-खाली होण्याने एवढे झाले. चार खान्यांचा हिशेब कुठे अपुरा पडतो ते दाखवायला याहून सोपे उदाहरण मला सापडलेले नाही.

त्या संध्याकाळी बिलाच्या पाठीमागचा हिशेब मी काकाजींना समजावून सांगितला. ते शाळा सातवीपर्यंतच शिकलेले, पण जिनिंगवरचे वजन-भाव तोंडी करणारे, त्यांनी भागाकार तपासले, मान डोलावली आणि मग विचारले, “अन् हे लोकं मोजले कोनत्या सालचे?” मी उत्तर शोधले. समाजनिहाय मोजणी १९७२ नंतर झालेलीच नाही. १९८२ मध्ये आलेल्या सरकारने जनगणनेतून समाजाचा रकाना काढून टाकला, आणि बेस्ट लूझरचा हिशेब मात्र १९७२ च्या आकड्यांवरच चालू राहिला. नव्याने मोजले तर कोणाचा तरी वाटा कमी होणार, आणि पद्धत काढून टाकली तर लहान समाजांचा आधार जाणार, म्हणून प्रत्येक सरकार सुधारणेच्या गोष्टी करते आणि थांबते. समाज जाहीर न करणाऱ्या उमेदवाराचा अर्ज बाद ठरत असे. त्याविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत गेली, समितीने २०१२ मध्ये तक्रारदारांच्या बाजूने मत दिले, आणि २०१४ च्या निवडणुकीपुरती समाज न सांगण्याची मुभा दिली गेली.

काकाजींना हे सांगेपर्यंत दुसरी वेचणी आली होती. ते म्हणाले, “मंग तं आमच्या गावच्या पाणंदीसारखंच झालं वं. मोजणी केली तर भांडन, नाही केली तर बी भांडन.” माझ्या पीएच.डी.च्या आराखड्यातला तिसरा अध्याय याच मोजणीवर आहे.