रक्तातील प्रथिने आणि अल्झायमर: जनुकीय दुवा कसा तपासावा

अल्झायमरच्या रुग्णांच्या रक्तात एखादे प्रथिन जास्त सापडले, तरी ते आजाराचे कारण की परिणाम, हे नुसत्या मोजणीवरून कळत नाही. स्मृती ढासळण्याच्या १५-२० वर्षे आधीपासून मेंदूत बदल सुरू झालेले असतात. जनुके मात्र गर्भधारणेच्या वेळीच ठरतात आणि आजार त्यांना बदलू शकत नाही. म्हणून ज्या जनुकीय बदलामुळे ते प्रथिन जन्मभर थोडे जास्त राहते, तो बदल असणाऱ्यांना अल्झायमरही जास्त होतो का, हे पाहायचे. ही मेंडेलियन रँडमायझेशनची पद्धत.

दोन प्रकारचे आकडेसंच लागतात. प्रथिनांसाठी डीकोड या आइसलँडच्या जनुकशास्त्र कंपनीचा २०२१ चा संच आहे: ३५,५५९ आइसलँडवासी, सोमास्कॅन या प्रथिने मोजणाऱ्या चाचणीवर ४,९०७ मोजण्या. प्रथिनांचाच दुसरा संच यूके बायोबँक या ब्रिटिश आरोग्य-माहितीसंग्रहाचा, २०२३ चा: ५४,२१९ माणसे, ओलिंक या वेगळ्या चाचणीवर २,९२३ प्रथिने. अल्झायमरसाठी २०१९ चा संशोधक कंकल यांचा संच घ्यावा. त्यात पहिल्या टप्प्यात २१,९८२ रुग्ण आणि ४१,९४४ निरोगी आहेत. बेलेंगेझ यांचा २०२२ चा संच बराच मोठा आहे, पण त्यातील हजारो ‘रुग्ण’ हे यूके बायोबँकमधले, केवळ आई-वडिलांना स्मृतिभ्रंश असल्याने मोजलेले लोक आहेत. यूके बायोबँकची प्रथिने त्याच्याशी जोडली तर तीच माणसे दोन्हीकडे येतात आणि निकाल झुकतो. मुख्य विश्लेषण कंकलवर करून बेलेंगेझ पडताळणीला ठेवणे आम्हाला जास्त सुरक्षित वाटते.

आता साधन म्हणून वापरायचे बदल निवडा. प्रथिनाच्या स्वतःच्या जनुकाभोवती दोन्ही बाजूंना १० लाख बेसपर्यंतचेच (बेस म्हणजे डीएनएचे एक अक्षर), म्हणजे सिस बदल घ्या. पी-मूल्य (संबंध नसतानाही योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता) ५ × १० चा उणे ८ वा घात याहून कमी हवे. प्रत्येकाचा एफ, म्हणजे साधनाची ताकद, काढा: परिणामाचा वर्ग भागिले प्रमाण त्रुटीचा वर्ग. तो १० च्या खाली असेल तर तो बदल सोडा. एकमेकांशी बांधलेले बदल गाळताना आर-वर्गाची (दोन बदल किती बांधलेले आहेत हे सांगणारा आकडा) मर्यादा ०.००१ ठेवा आणि एलडीचा, म्हणजे जवळचे बदल एकत्र वारशाने येण्याचा, संदर्भ त्याच वंशगटाचा घ्या.

दूरच्या, म्हणजे ट्रान्स बदलांचा मोह टाळा. १९ व्या गुणसूत्रावरचे एपीओई जनुक रक्तातील अनेक प्रथिनांची पातळी हलवते आणि अल्झायमरचा धोकाही स्वतंत्रपणे वाढवते. त्यातील आरएस४२९३५८ या ओळखक्रमांकाचा बदल साधन म्हणून आत शिरला, की ती सगळी प्रथिने आजाराची कारणे असल्यासारखी दिसू लागतात. एपीओईच्या आसपासचा दोन्ही बाजूंचा किमान १० लाख बेसचा भाग वगळा. सहाव्या गुणसूत्रावरचा एमएचसी हा रोगप्रतिकार जनुकांचा भागही, साधारण २.५ ते ३.४ कोटी बेस, बाजूला ठेवा. तिथे एलडी फार गुंतागुंतीचे असते.

जोडणी करताना दोन चुका वारंवार होतात. डीकोडचे स्थानक्रमांक मानवी जीनोम-नकाशाच्या जीआरसीएच३८ या आवृत्तीचे आहेत, कंकलचे जुन्या जीआरसीएच३७ चे. आधी लिफ्टओव्हर करा, म्हणजे क्रमांक एका आवृत्तीतून दुसरीत बदला, नाहीतर आरएस क्रमांकांवरून जुळवा. दुसरी चूक ए/टी आणि सी/जी बदलांची: अ‍ॅलीलची (बदलाच्या एका रूपाची) वारंवारता ०.४२ ते ०.५८ मध्ये असेल तर कोणती साखळी वाचली ते ठरवता येत नाही, म्हणून असे बदल काढून टाका. इथे गफलत झाली तर धोकादायक प्रथिन संरक्षक ठरते.

एकच बदल हाती असेल तर वॉल्ड गुणोत्तर, म्हणजे आजारावरील परिणाम भागिले प्रथिनावरील परिणाम, पुरते. समजा बदलाचा प्रथिनावरील परिणाम ०.४० प्रमाण विचलन, अल्झायमरवरील ०.०२ आणि त्याची त्रुटी ०.००८. उत्तर ०.०५, त्रुटी ०.०२, शक्यता-गुणोत्तर सुमारे १.०५. स्वतंत्र बदल अनेक असतील तर आयव्हीडब्ल्यू, म्हणजे अचूकतेनुसार वजन दिलेली सरासरी. एमआर-एगर ही बदलांचे आजारावरील इतर मार्गांचे परिणाम तपासणारी पद्धत तीन-चार बदलांवर चालवून काही निष्पन्न होत नाही. १,५०० प्रथिने तपासली असतील तर पी-मूल्याची मर्यादा ०.०५ भागिले १,५००, म्हणजे ०.००००३३.

ही चाळणी पार केलेल्या प्रत्येक प्रथिनासाठी को-लोकलायझेशन करा, म्हणजे प्रथिन आणि आजार या दोन्हींमागे एकच बदल आहे का ते पाहा. शेजारी-शेजारी असलेले दोन वेगळे बदल, एक प्रथिनाचा आणि एक आजाराचा, एलडीमुळे एकच भासतात. हे काम करणाऱ्या कोलॉक या पॅकेजला त्या भागातील सगळे बदल द्या, फक्त अव्वल नव्हे. त्याला त्रुटी नव्हे, त्रुटीचा वर्ग लागतो. कंकलसाठी रुग्णांचे प्रमाण ०.३४४ द्या. एच४ ची संभाव्यता ०.८ च्या वर असेल तर दोन्हींमागे एकच बदल मानता येतो. एच३ (दोन वेगळे बदल असल्याची शक्यता) जास्त असेल तर ते प्रथिन यादीतून काढा. एच४ कमी आणि एच३ ही कमी असेल, तर आकडेवारी अपुरी आहे; त्याला नकार समजू नका. एकाच भागात अनेक कारक बदल असतील तर ते वेगळे ओळखणारी सूझी ही पद्धत वापरा.

त्यानंतरचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: चाचणीने नेमके काय मोजले? सीडी३३ या जनुकामधील आरएस१२४५९४१९ या बदलाने दुसरा एक्सॉन (जनुकाचा एक तुकडा) गळतो, म्हणजे प्रथिनाचा रेणू पकडणारा भागच नाहीसा होतो. त्या भागाला चिकटणारी चाचणी ‘प्रथिन कमी’ असे सांगेल, प्रत्यक्षात त्याचे रूप बदललेले असेल. आयएल-६ या दाहाशी संबंधित प्रथिनाच्या रिसेप्टरचे जनुक आयएल६आर; त्यातील आरएस२२२८१४५ तर उलटाच: रक्तातील विरघळलेला रिसेप्टर वाढतो, पण पेशीतील आयएल-६ चा संदेश मंदावतो. अशा वेळी ‘पातळी वाढवणे फायद्याचे’ असा अर्थ काढून औषध सुचवले तर दिशा चुकते. प्रत्येक साधन प्रथिनाची अमिनो आम्ले किंवा स्प्लाइसिंग (एक्सॉन जोडण्याची क्रिया) बदलते का ते पाहा आणि तोच निकाल ओलिंक व सोमास्कॅन दोन्हींवर जुळतो का ते तपासा.

अखेरीस मेंदू आणि सेरेब्रोस्पायनल (मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या) द्रवातील प्रथिनांच्या संचांवर तीच आकडेमोड पुन्हा करा. रक्तातले आणि मेंदूतले नियंत्रण वेगळे असू शकते, त्यामुळे दिशा उलटी आली तर तेही अहवालात लिहा.