नातवंडांच्या भेटीसाठी आजी-आजोबांनी अर्ज कसा करावा

मुलगा वारला, सून लहानग्याला घेऊन मुंबईला माहेरी राहू लागली आणि हळूहळू गावाकडे येणारे फोनही थांबले, तर देवगडच्या किंवा गुहागरच्या आजी-आजोबांनी काय करावे, याचे थेट उत्तर कायद्यात लिहिलेले नाही. नातवंडांना भेटण्याचा स्वतंत्र हक्क त्यांना देणारे कलम आपल्याकडे नाही. मात्र पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा सर्व धर्मीयांना लागू असलेला कायदा अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, मुलाच्या हिताला महत्त्व देतो आणि न्यायालये त्याच हिताच्या आधारे आजी-आजोबांना भेटीची परवानगी देऊ शकतात. म्हणून अर्जात आपल्या दुःखापेक्षा मुलाला या भेटीतून काय मिळणार आहे, ते आधी मांडावे. माझ्या मते अर्जाचे खरे बळ तिथेच आहे.

वकील गाठण्यापूर्वी सुनेला एक शांत, आरोपरहित पत्र लिहावे आणि त्याची प्रत जपून ठेवावी. हिंदू कायद्यानुसार वडिलांच्या मागे आई हीच मुलाची नैसर्गिक पालक असते, त्यामुळे तिच्या चारित्र्यावर किंवा माहेरावर शिंतोडे उडवणारा अर्ज मुलालाच त्रासदायक ठरतो. पत्राने काम न झाल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊन मध्यस्थीची विनंती करावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, म्हणून खर्चाची अडचण असल्यास आजीने स्वतःच्या नावाने मदत मागावी.

अर्ज कुठे करायचा, याबाबत कोकणातल्या कुटुंबांनी विशेष सावध राहावे. मूल जिथे नेहमी राहते, तिथल्या न्यायालयालाच अधिकार असतो. नातू मुंबईत असेल तर रत्नागिरीला किंवा ओरोसला अर्ज करून उपयोग नाही. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयातच जावे लागते. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही, तिथे जिल्हा न्यायालयात अर्ज करावा.

अर्जासोबत नाते सिद्ध करणारा जन्मदाखला, मुलगा हयात नसल्यास त्याचा मृत्यूदाखला, आणि मूल पूर्वी आपल्याकडे राहत असल्याचे पुरावे, जसे शिधापत्रिका, शाळेच्या पावत्या, छायाचित्रे, जोडावेत. मागणी मोघम नसावी. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, महिन्यातून एका रविवारी मुंबईतच भेट, गणपतीचे दोन दिवस आणि मे महिन्याच्या सुट्टीतला एक आठवडा गावी, अशी चढती मागणी न्यायाधीशांना तपासायला सोपी जाते. मूल फार लहान असेल किंवा बरेच दिवस भेट झाली नसेल, तर पहिल्या भेटी आईच्या उपस्थितीत होऊ द्याव्यात. मूल समजत्या वयाचे असल्यास न्यायालय त्याचे मतही विचारात घेऊ शकते, म्हणून त्याला पढवू नये. निकालाला वेळ लागतो, त्यामुळे अंतरिम भेटीची विनंती सुरुवातीलाच करावी.

आई-वडिलांचा घटस्फोटाचा दावा चालू असेल, तर आपल्या मुलाने, म्हणजे नातवंडाच्या वडिलांनी, स्वतःच्या भेटीच्या अर्जातच आजी-आजोबांच्या उपस्थितीची परवानगी मागावी. आदेश मिळूनही भेट होऊ दिली नाही, तर परस्पर शाळेत जाऊन मुलाला आणू नये. चुकलेल्या प्रत्येक भेटीची तारीख लिहून ठेवावी आणि त्याच न्यायालयाकडे अंमलबजावणीचा अर्ज करावा.