ठोसेघरचा रस्ता आणि नांगरट

गेल्या पावसाळ्यानंतर साताऱ्याजवळच्या ठोसेघरला सायकलने निघालो तेव्हा मोबाइलने 'जवळचा' रस्ता दाखवला. डांबर संपलं, मग गाडीवाट, मग थेट नांगरट. सायकल खांद्यावर. बांधावरच्या आजी म्हणाल्या, "आरं, हितनं बैलगाडी जाईना, तू कुठं निघालास?"

त्यानंतर रस्ता आखून देणारे दोन-तीन फुकटचे प्लॅनर पाहिले. शेवटी बीराउटरवर थांबलो. ब्राउझरमध्येच चालतो, खातं काढावं लागत नाही. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेला. खाली चढाचा आलेख दिसतो. यवतेश्वरचा घाट त्यात भिंतीसारखा उभा राहतो! रेषा पकडून हव्या त्या रस्त्यावर ओढायची, त्या रस्त्याची जीपीएक्स फाइल उतरवून मोबाइलवरच्या ओएसएमअँड या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये टाकायची. घाटात रेंज गेली तरी अडत नाही, फक्त नकाशा आधी डाउनलोड केलेला हवा.

एकूण चढाचा आकडा मात्र प्रत्येक साइटवर वेगळा येतो. उंचीची माहिती ठराविक अंतरावरच्या बिंदूंची असते, त्यामुळे डोंगर कापून काढलेल्या रस्त्याला शेजारच्या कड्याची उंची चिकटते. मी आता एकाच साइटवरचे दोन रस्ते ताडून बघतो, बस्स.

खरी मेख पुढेच होती. नांगरटीत नेणारी ती वाट कच्ची आहे हे नकाशात कुणी भरलंच नव्हतं, मग प्लॅनरला कसं कळणार? ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढून मीच तिथं 'कच्चा रस्ता' अशी नोंद केली. दहा मिनिटांचं काम. आता निघायच्या आदल्या रात्री उपग्रहाच्या चित्रावरही वाट बघून घेतो.