पीसी सारखा हँग होतोय, अचानक बंद पडतोय? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

आधी एकच सांगतो, फॉरमॅट मारू नका. निदान लगेच तरी नका. माझ्या स्वतःच्या मशीनवर मी दोन महिन्यांत तीनदा विंडोज नव्याने टाकलं, दर वेळी चार दिवस मस्त चालायचं आणि मग परत तेच, माउस जागच्या जागी थिजायचा, गाणं चालू असलं तर त्याचा एक तुकडा घर्रर्र करत अडकून राहायचा आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरायला लागायचं. निघालं काय, तर रॅमची एक स्टिक खराब. आणि खराब रॅमवर विंडोज टाकलं की इन्स्टॉल होता होताच फाइली बिघडू शकतात, म्हणजे जुनं दुखणं तसंच आणि वर एक नवीन. हे कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात पहिलं काम बॅकअप. आज, आत्ता, मशीन चालू आहे तोवर. डिस्कच मरत असेल तर तुमच्याकडे किती वेळ आहे हे सांगता येत नाही, आणि दर वेळी बटण दाबून बंद करता तेव्हा त्या क्षणी जे काही डिस्कवर लिहिलं जात होतं ते अर्धवट राहू शकतं. फोटो, कामाच्या फाइली, हिशोब, जे परत मिळणार नाही ते बाहेरच्या डिस्कवर घ्या. मगच पुढचं वाचा.

आता एक वही घ्या (फोनमध्ये नोट केली तरी चालेल, पण पीसीवर नको) आणि नेमकं काय होतं ते लिहायला लागा. "पीसी बंद पडतो" एवढ्यावर काहीच कळत नाही. नुसता एकच प्रोग्राम अडकतो की सगळंच थिजतं? निळी स्क्रीन येते का? की काहीही न सांगता फटकन वीज गेल्यासारखा बंद होतो? की आपोआप रीस्टार्ट होतो? तेव्हा काय चालू होतं, गेम, व्हिडिओ, का नुसताच पडून होता, चालू केल्यापासून किती वेळाने झालं, हे पण लिहा. थिजल्यावर कॅप्स लॉक दाबून बघा. कीबोर्डवरचा दिवा चालू-बंद होत असेल तर आत सिस्टीम बहुतेक जिवंत आहे आणि अडकलंय ते डिस्प्लेचं किंवा एखाद्या प्रोग्रामचं, तेव्हा विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा, त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर रीसेट होतो आणि बऱ्याचदा स्क्रीन परत येते. दिवा ढिम्म हलत नसेल तर मग खालून, म्हणजे हार्डवेअर किंवा ड्रायव्हरपासूनच सगळं अडकलंय असं धरा.

निळी स्क्रीन वाचायच्या आत निघून जात असेल तर सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर स्टार्टअप अँड रिकव्हरीच्या सेटिंगमध्ये जा आणि ऑटोमॅटिकली रीस्टार्टची टिक काढून टाका, मग ती थांबते आणि फोटो काढता येतो. तिथला स्टॉप कोड महत्त्वाचा. मेमरी मॅनेजमेंट असं आलं तर रॅमवर संशय घ्या, व्हिडिओ टीडीआर फेल्युअर म्हणजे ग्राफिक्स कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर, कर्नल डेटा इनपेज एरर म्हणजे बहुतेक वेळा डिस्क किंवा तिची केबल, आणि व्हिया अनकरेक्टेबल एरर म्हणजे हार्डवेअरने स्वतःच तक्रार केलीय. दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर मी तरी आधी रॅमच तपासतो.

स्टार्ट मेनूत रिलायबिलिटी टाइप केलं की व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी येतं, ते उघडा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात, आणि पहिली फुली ज्या दिवशी आली त्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत काय इन्स्टॉल झालं तेही तिथंच दिसतं. हे इतकं कामाचं आहे आणि लोक उघडतच नाहीत. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) कर्नल पॉवर ४१ दिसलं की बरेच जण "पॉवर सप्लाय गेला" असं ठरवून मोकळे होतात, पण त्या ४१ चा अर्थ फक्त एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, का पडलं ते तो सांगत नाही. तुम्ही स्वतः बटण दाबून बंद केलंत तरी ४१ च येतो.

मग मोठा प्रश्न, दोष विंडोजचा की हार्डवेअरचा. याला माझी आवडती युक्ती म्हणजे पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम) लाइव्ह चालवायचं, उबंटू किंवा मिंट काहीही, इन्स्टॉल न करता, आणि दोन-तीन तास त्यावर व्हिडिओ वगैरे चालू ठेवायचे. तिथंही थिजलं तर विंडोज निर्दोष, हार्डवेअरच बघा. तिथं नीट चाललं तर सॉफ्टवेअर, ड्रायव्हर किंवा विंडोज ज्या डिस्कवर आहे ती डिस्क. शंभर टक्के खात्री नाही मिळत, पण अर्धं रान तरी मोकळं होतं.

हार्डवेअरमध्ये सुरुवात उष्णतेपासून करा कारण ते सगळ्यात सोपं आहे. एचडब्ल्यूइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात तापमान नुसतं बघण्यापेक्षा त्याचं लॉगिंग चालू करून ठेवा, म्हणजे मशीन पडलं तरी फाइलमध्ये शेवटच्या ओळीत शेवटचं तापमान लिहिलेलं सापडतं. नुसता बसलेला प्रोसेसर साधारण ३५ ते ५० अंश, जोरात काम करताना ८०-८५ पर्यंत गेला तर घाबरायचं कारण नाही. बरेच इंटेल प्रोसेसर १०० च्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, आणि रायझन ७००० मालिकेतले तर ९५ पर्यंत जायलाच बनवलेत, त्यामुळे नुसत्या आकड्यावर जाऊ नका, काहीच काम नसताना ८० दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर कॅबिनेट उघडायचं. आधी प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, मग ब्लोअर किंवा मऊ ब्रशने धूळ काढा, हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा नाहीतर तो वेड्यासारखा फिरून बेअरिंग खराब होतं. कूलरच्या पंख्याखाली जाळीत धुळीचा जो जाड थर साचतो तोच खरा चोर. कूलरची एखादी पिन निघालेली नाही ना ते हलवून बघा. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट चार-पाच वर्षं जुनी असेल तर पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा.

आता रॅम, आणि इथं घाई करू नका. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिक आहे पण त्यातून बारीक दोष निसटतात, माझ्याकडे ते दोनदा पास झालं होतं आणि तेवढ्यावर विश्वास ठेवून मी रॅम बाजूला टाकली, तीच चूक झाली. मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून बूट करा, चार पास (पूर्ण फेऱ्या) होईपर्यंत, म्हणजे रात्रभर चालू द्या. एक जरी एरर आली तरी ती एकच, सोडून द्या असं चालत नाही, शून्य म्हणजे शून्य. एरर आली तर आधी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो चालू आहे का बघा. ते एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, म्हणजे रॅम नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळवणं, ते बंद करून परत टेस्ट लावा. एरर गेल्या तर स्टिक कदाचित चांगली आहे, फक्त त्या वेगाला बोर्ड किंवा प्रोसेसर झेपत नाहीये. नाही गेल्या तर स्टिक काढून परत घट्ट बसवा, मग एकेक स्टिक एकटी लावून टेस्ट करा, आणि जी एरर देते ती दुसऱ्या स्लॉटमध्येही लावून बघा कारण कधीकधी दोष स्लॉटचा असतो. वेळखाऊ आहे, मान्य, पण याच पायरीला माझा प्रश्न सुटला.

डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा प्रोग्राम. रिअलोकेटेड सेक्टर (खराब निघाल्याने बदललेले भाग) आणि करंट पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न आलेले, संशयातले भाग) या दोन ओळी बघा, पेंडिंग शून्याच्या वर असेल आणि वाढत असेल तर त्या डिस्कवर भरवसा ठेवू नका. सीआरसी एररचा (डेटा वाटेत बिघडल्याचा) आकडा वाढत असेल तर उलट आनंदाची गोष्ट, बहुतेक डिस्कला बोर्डाशी जोडणारी साटा केबलच खराब असते, बदलली की काम झालं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा, डिस्क मरायला टेकलीय असं वाटत असेल तर आधी डेटा काढा, चेकडिस्कचा सगळे सेक्टर तपासणारा पर्याय त्याआधी चालवू नका, ती तासन्‌तास सगळी डिस्क घासत बसते आणि उरलेला जीव त्यातच जाऊ शकतो.

पॉवर सप्लाय ओळखायची खूण म्हणजे गेम किंवा जड काम सुरू झालं की फटकन बंद, निळी स्क्रीन नाही, डंप फाइल (क्रॅशची नोंद) नाही, काही नाही. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत असायला हवी, पण सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा आकडा चुकीचा असू शकतो, खरी परीक्षा म्हणजे कुणाकडून तरी चांगला सप्लाय तात्पुरता आणून लावणं. सप्लायचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जिवावर बेतेल एवढी वीज राहू शकते.

सॉफ्टवेअरकडे वळायचं तर ग्राफिक्स ड्रायव्हर पहिला. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणाऱ्या प्रोग्रामने) जुना पूर्ण उपटून काढा आणि मग नवीन टाका, आणि नवीन टाकल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर बिनधास्त आधीच्या व्हर्जनवर परत जा. दोन अँटीव्हायरस एकत्र असतील तर एक काढा. अँटीव्हायरससारखी सॉफ्टवेअरं कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात बसतात म्हणून ती अख्खी सिस्टीम पाडू शकतात, १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख मशीनवर निळी स्क्रीन आली होती. विंडोजच्या फाइली बिघडल्याचा संशय असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजचीच दोन दुरुस्तीची टूलं चालवा, आधी डिझमचं रिस्टोअर हेल्थ आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेतं तो साठा डिझम दुरुस्त करतं.

प्रोसेसर स्वतः खराब होणं विरळा, पण इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतला वरच्या श्रेणीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल तर बायोस अपडेट केलाय का ते नक्की बघा. त्यात जास्त व्होल्टेज जाऊन चिप हळूहळू झिजायची, ऑगस्ट २०२४ पासून त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला, बायोस अपडेटमधून येणारा दुरुस्तीचा कोड) आला आणि इंटेलने वॉरंटी दोन वर्षं वाढवली. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही, त्यामुळे तरीही पडत असेल तर वॉरंटीत बदलून मागा. बायोस अपडेट करायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत तारखेसकट लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं झालं तर कशाने झालं ते कळत नाही. आणि बरं झालं हे ठरवायचीही घाई नको, आधी दोन दिवसांतून एकदा पडत असेल तर किमान आठ-दहा दिवस रोजचं काम करून बघा, तोवर बॅकअपची डिस्क जवळच राहू द्या.